समुद्रातलं वादळ आणि आपली कांदाचाळ

आज थोडा इतिहास सांगायचा आहे. राजा-राण्यांचा नाही, वादळाचा.

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे चक्रीवादळ म्हणजे कोकणातल्या आणि ओरिसातल्या लोकांचं दुखणं, असं आमच्या गटातल्या बहुतेक जणींना वाटायचं. टीव्हीवर गोल गोल फिरणारा पांढरा भोवरा दाखवायचे, आम्ही बघायचो आणि चॅनेल बदलायचो. 3 जून 2020 ला हे वाटणं संपलं.

तो बुधवार होता. दोन दिवसांवर वटपौर्णिमा आली होती आणि लॉकडाऊन चालू होता. दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला निसर्ग वादळ जमिनीवर चढलं. तिथे ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वारा होता, माडाची आणि सुपारीची झाडं मुळासकट पडली. जमिनीवर आलं की वादळाला खालून समुद्राची वाफ मिळत नाही, त्यामुळे त्याचा वारा पडत जातो. पण पोटातलं पाणी कुठे जाणार? ते घेऊन वादळ ईशान्येला सरकलं, घाट चढलं आणि संध्याकाळी आपल्या जिल्ह्यावर आलं.

आमच्याकडे दुपारीच लाईट गेली. मग कोणाचे मोबाइल चार्ज नाहीत, टीव्ही बंद, गावात कोणी फिरायचं नाही. उन्हाळ कांदा नुकताच चाळीत भरलेला. मार्केट धड चालत नव्हतं म्हणून त्या वर्षी लोकांनी नेहमीपेक्षा जास्त माल घरी ठेवला होता. ज्यांच्या चाळीत जागा नव्हती त्यांचे ढीग शेतातच पातीखाली झाकलेले. रात्री पत्रे वाजायला लागले आणि एकेक करून उडाले. सकाळी आम्ही एकमेकींकडे गेलो, तर कांदा भिजलेला, शेडनेट फाटून दुसऱ्याच्या बांधावर पडलेलं, आणि वडाच्या फांद्या वटपौर्णिमेआधीच मोडून रस्त्यात. भिजलेला कांदा कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दिवशी तो चांगला दिसतो. आठ दिवसांनी चाळीजवळून जाताना नाकाला पदर लावावा लागतो.

त्यानंतर आमच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "हे आधी कधी झालं नव्हतं का?" त्या प्रश्नामुळे आम्ही शोधायला लागलो. जुन्या माणसांना विचारलं, कृषी विभागाच्या लोकांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातलं तुम्हाला सांगतो आहोत.

चक्रीवादळाला इंग्रजीत सायक्लोन म्हणतात. हा शब्द आपल्याच देशात तयार झाला. कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. जहाजांच्या नोंदवह्या चाळून ते वादळं कशी फिरतात ते बघायचे. वेटोळं घातलेल्या सापासारखं, या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव काढलं आणि 1848 च्या आपल्या पुस्तकात वापरलं. अमेरिकेकडे याच वादळाला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून. जात एकच, गाव वेगळं.

1864 च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर फार मोठं वादळ आलं, हजारो माणसं गेली. दुसऱ्या वर्षी, 1865 ला, कलकत्ता बंदरासाठी वादळाचा इशारा द्यायची सोय झाली. मग 1866 चा ओरिसातला दुष्काळ झाला, आणि या सगळ्यानंतर 1875 ला सरकारने देशाचं हवामान खातं काढलं. आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या. इशारा सगळ्यात आधी मिळाला तो जहाजांना. कारण जहाजात व्यापाऱ्याचा माल असतो. शेतकऱ्यासाठी म्हणून हवामानाची माहिती रेडिओवरून सांगायला सुरुवात झाली 1945 ला. म्हणजे मध्ये 80 वर्षं गेली. पुण्यात 1932 पासून शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग होता, तिथे अभ्यास चालायचा, पण तो बांधापर्यंत यायला रेडिओ लागला. म्हणून आज हे रेडिओवर बोलताना आम्हाला बरं वाटतं.

मुंबईच्या बाबतीत एक गंमत आहे, ती सांगतो. 1882 च्या जूनमध्ये मुंबईवर वादळ आलं आणि लाखभर माणसं मेली, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. अमिताव घोष या लेखकांनी आणि हवामानाच्या अभ्यासकांनी याचा शोध घेतला, तर त्या वेळच्या कागदपत्रांत असं काही सापडेना. इतकी माणसं गेली असती तर कुठेतरी नोंद नको का? एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवून घेतलं, असंच ते चालत आलं. निसर्गच्या वेळी तर व्हॉट्सॲपवर हे पुन्हा फिरत होतं. मुंबईवर वादळं आली नाहीत असं नाही. 1948 च्या नोव्हेंबरात आलं होतं, ते म्हातारी माणसं सांगायची. पण लाखाची गोष्ट खरी धरू नका.

मग आपल्या पणजी-आजींना वादळाची भीती का नव्हती? आम्हाला वाटतं, याचं उत्तर पिकात आहे. अरबी समुद्रात वादळं उठायचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. दुसरा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. पूर्वी आपल्याकडे बाजरी, भुईमूग, कुळीथ, मठ अशी पिकं जास्त. मे-जूनमध्ये रान मोकळं, नांगरून तापत पडलेलं. तेव्हा जोराचा पाऊस आला तर लोक खूश व्हायचे. ऑक्टोबरात बाजरी खळ्यात आलेली असायची, आणि स्वातीच्या पावसाला तर जुनी माणसं मोत्यांची किंमत द्यायची, कारण त्यावर हरभरा, गहू, ज्वारी उगवायची.

आता बघा. मे-जूनमध्ये आपला उन्हाळ कांदा चाळीत असतो, म्हणजे वर्षाची सगळी पुंजी एका पत्र्याखाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात द्राक्षाची गोडी छाटणी होऊन कोवळे घड बाहेर पडतात, लाल कांदा काढणीला येतो आणि उन्हाळ कांद्याचं रोप टाकलेलं असतं. समुद्राने आपला हंगाम फार बदलला नाही, आपण आपली पिकं नेमकी त्याच्या हंगामात नेऊन ठेवली. यात कोणाची चूक नाही. पैसा त्या पिकात होता, मुलांची शिक्षणं त्यावर झाली. पण जोखीम वाढली ती अशी.

त्यातून वादळ आपल्या अंगावर यावंच लागतं असंही नाही. 2009 च्या 11 नोव्हेंबरला फयान नावाचं वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये जमिनीवर आलं. कोकणातले किती मच्छीमार त्यात गेले. आपल्याकडे वारा फारसा नव्हता, पण पाऊस द्राक्षाच्या ऐन नाजूक वेळेला आला. पोंगा किंवा फुलोरा असताना दोन दिवस बाग ओली राहिली की घड कुजतो आणि पानावर डावणी चढते. मग रोज फवारणी, कधी दिवसातून दोनदा. ट्रॅक्टर चिखलात रुततो म्हणून पाठीवर पंप घेऊन बायका-माणसं बागेत.

2019 ला दिवाळीत तर वादळ किनाऱ्याला लागलंच नाही. क्यार त्याचं नाव. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 27 ऑक्टोबरला, ते समुद्रात सगळ्यात मोठं झालं आणि ओमानच्या दिशेने निघून गेलं. त्याच्यामागून लगेच महा आलं. दोन्ही लांबूनच गेली, पण पाऊस इथे पाडून गेली. सटाणा, देवळा, कळवण, मालेगाव या कसमादे पट्ट्यात द्राक्षं आगाप धरतात, म्हणजे नाताळाच्या आधी माल परदेशात जावा म्हणून. त्या बागांत मण्यात साखर भरली होती. तयार मण्यावर पाणी पडलं की मणी तडकतो, आणि तडकलेला एक मणी सगळा घड घेऊन जातो. व्यापारी बागेच्या तोंडाशी येऊन परत गेले. मका शेतातच उगवला, कांद्याच्या रोपांनी मान टाकली. त्या वेळी राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी 8 हजार आणि फळबागांना हेक्टरी 18 हजार रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत, जाहीर केले. द्राक्षाच्या एका एकराला किती खर्च येतो ते ऐकणाऱ्या मैत्रिणींना माहीत आहे. आम्ही हिशेब सांगत नाही, उगाच जीव जळतो.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं. ते गुजरातेत जाऊन लागलं, पण आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूला आंबा झडला, घरांचे पत्रे गेले. या नावांचंही ऐका. 2004 पासून आपल्या बाजूच्या समुद्रातल्या वादळांना नावं देतात, आणि शेजारचे देश मिळून ती यादी करतात. निसर्ग हे नाव बांगलादेशाने दिलेलं. तौक्ते म्यानमारने दिलेलं, त्याचा अर्थ पाल! ज्या पालीने इतके पत्रे उडवले तिला काय म्हणावं.

नुकसान झाल्यावर सरकारने काय करायचं, याचाही इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात तगाई मिळायची. 1883 आणि 1884 ला त्याचे कायदे झाले. तगाई म्हणजे मदत नव्हे, कर्ज. बी-बियाणं, बैल घ्यायला मामलेदाराकडून रक्कम मिळायची आणि पुढे ती सरकारी वसुलीने परत द्यावी लागायची. आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीत "तगाई फिटली का?" हा नेहमीचा प्रश्न होता. आता जी मदत मिळते ती परत द्यायची नसते, हा मोठा फरक आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर त्यासाठी वेगळा निधी झाला. आधी निम्मं पीक गेलं तरच मदत मिळायची. 2015 पासून ही अट 33 टक्क्यांवर आली.

पण मदत कशाला मिळते? शेतात उभ्या असलेल्या पिकाला, हेक्टरावर मोजून. निसर्गनंतर आम्ही पंचनाम्याला आलेल्या साहेबांना चाळ दाखवली. ते म्हणाले, "ताई, हे मला कुठल्या रकान्यात लिहू?" त्यांचंही खरं होतं. काढून चाळीत ठेवलेल्या कांद्याला हेक्टर कुठला? पीक विम्यातही काढणीनंतर शेतात सुकायला पसरलेला माल काही दिवस धरत, चाळीतला नाही. निसर्गच्या वेळी कोकणातल्या फळबागांसाठी सरकारने दर वाढवून हेक्टरी 50 हजार केला होता, ते योग्यच झालं, तिथे बागा उभ्या राहायला वर्षं लागतात. पण उन्हाळ कांद्याचा हा रकाना अजून कोणी काढलेला नाही, आणि तो काढायला हवा असं आमचं मत आहे.

दुसरा रकाना नावाचा. आमच्या गटात एक ताई आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. जमीन सासऱ्यांच्या नावावर, पण दीड एकर ह्याच कसतात. बी ह्यांनी आणलं, खत ह्यांनी घातलं, गटातून कर्ज ह्यांनी काढलं. पंचनामा झाला, यादीत नाव लागलं ते सासऱ्यांचं, आणि पैसे गेले त्यांच्या खात्यात, जे दीर बघतात. ताईंना कर्जाचे हप्ते राहिले. बैठकीत त्या बोलल्या नाहीत, फक्त हप्त्याची मुदत मागितली. आम्ही मुदत दिली. पण त्या दिवशी आम्हा सगळ्या जणींच्या लक्षात आलं की वादळ सगळ्यांवर सारखं येतं, मदत मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला येते.

हा प्रश्न आम्हीच पहिल्यांदा काढला असं नाही. आपल्याच जिल्ह्यात चांदवडला 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. शरद जोशींच्या हाकेवर राज्यभरातून लाखोंनी बायका आल्या. आमच्यातल्या दोघी-तिघींच्या सासवा तिथे भाकरी बांधून गेल्या होत्या. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचं काम निघालं. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. गावोगाव हजारो जणांनी तो केला. मग 1992 ला सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजनेचा निर्णय काढला. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. ज्यांचे मालक हयात आहेत आणि जमीन त्यांच्या नावावर आहे त्यांनी आधी हे बघा. विधवा बायकांचं काम अवघड असतं, तिथे वारसाच्या नोंदीपासून सुरुवात करावी लागते.

बायकांनी संकटानंतरचं काम हातात घेतल्याचं आपल्या राज्यात एक मोठं उदाहरण आहे. 30 सप्टेंबर 1993 ला लातूर-उस्मानाबादेत भूकंप झाला. घरं दुरुस्त करायला सरकारचे पैसे येत होते, पण लोकांना कळेना की काय करायचं. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग संस्थेने सरकारबरोबर काम करून गावोगाव महिला मंडळातल्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या. बाराशेच्या आसपास गावांत या बायका हप्ता कधी येतो, भिंत कशी बांधायची, गवंडी फसवतो का, हे बघत होत्या. 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच बायका तिकडे शिकवायला गेल्या. पुढे याच संस्थेने मराठवाड्यात बायकांच्या एक एकर शेतीचं काम केलं. घरातून एक एकर मागून घ्यायचा, त्यात खायची वेगवेगळी पिकं लावायची. सगळी अंडी एका टोपलीत नाहीत, तसं एका रानात एक पीक नाही.

इशाऱ्याचंही तसंच. बांगलादेशात 1991 च्या एप्रिलमध्ये वादळ आलं, त्यात सुमारे 1 लाख 38 हजार माणसं गेली. त्यात बायका जास्त. का? तर इशारा बाजारात पुरुषांना सांगितला गेला, बायका घरी वाट बघत राहिल्या, लेकरं आणि कोंबड्या सोडवेनात, आणि अनोळखी पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात जायला संकोच. आता तिथे सत्तर हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत, त्यात निम्म्याच्या आसपास बायका. ओरिसात 1999 च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, 2013 ला फायलिन आलं तेव्हा जवळपास 10 लाख लोक आधीच हलवले आणि मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. वादळ तसंच होतं, पण निरोप घराघरात पोचला होता.

आमच्या गावात निसर्गचा निरोप आला तो पुरुषांच्या मोबाइलवर. एकजण म्हणाला, "मला सकाळीच मेसेज आला होता." मग सांगितलं का नाही? "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

म्हणून आता आमची रीत अशी आहे. गटातल्या चौघींच्या मोबाइलमध्ये हवामान खात्याचं मेघदूत ॲप आहे, आणि इशारा आला की त्या आपापल्या आळीत जाऊन तोंडाने सांगतात. मेसेज पुढे ढकलून काम झालं असं आम्ही धरत नाही. मे महिन्यात चाळीचे पत्रे हुकांनी आवळून घेतो. ताडपत्री फक्त वाऱ्याच्या बाजूला बांधून भागत नाही, वादळ जवळून गेलं की वारा उलटतो, म्हणून दोन्ही बाजूंना बांधतो. आणि पाऊस थांबला की ती लगेच सोडतो, नाहीतर कांदा आतल्या आत घामेजतो. हे आम्ही एक वर्ष विसरलो होतो आणि पाऊस न लागताही कांद्याला काजळी आली. भिजलेला कांदा कोरड्यातून वेगळा काढायचा, तो आधी विकायचा, भाव मिळेल तो घ्यायचा. सातबारा, पासबुक, आधार यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. शेताचे आणि चाळीचे फोटो वादळाच्या आधीही काढतो, कारण नंतरच्या फोटोवरून किती होतं ते कळत नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आपणच करायची असते, ती राहिली तर पीक होतं हेच सिद्ध होत नाही. विम्याबद्दल एवढंच सांगतो की नियम बदलत असतात. 1 रुपयात विमा खरीप 2023 पासून होता, तो 2025 ला बंद झाला. त्यामुळे दर हंगामाला कृषी सहायकांना विचारून घ्या, मागच्या वर्षीच्या माहितीवर बसू नका.

गटाच्या वहीत एक पान आता वेगळं ठेवलं आहे. त्यावर वादळाची तारीख, किती पाऊस, कोणाचं काय गेलं, पंचनामा कधी झाला, पैसे कधी आले आणि कोणाच्या खात्यात, हे लिहितो. त्या पानावर पहिली नोंद 3 जून 2020 ची आहे, आठवून आठवून लिहिलेली. ज्या ताईंचं सांगितलं त्यांची वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागायला दोन वर्षं लागली. लक्ष्मीमुक्तीचे पाच अर्ज दिले होते, दोन झाले. तिघींचे मालक अजून "बघू" म्हणतात.